गादीपर्यंतची वाट

ओस्मो हिर्वेलाला स्वतःचे हातमोजे घरात कधी सापडत नसत, आणि माणसांना हवी ती गोष्ट किती सहज सापडते हे मोजणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. यात काहीतरी गफलत आहे असं त्याची बायको इर्मेली म्हणे. "डोळ्यांच्या डॉक्टरलाही चष्मा लागतोच की," असं ओस्मो तिला सुनवायचा, आणि मग चष्मा शोधायला लागायचा.

उद्योग तसा नवाच होता. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलेलं. फिनलंडातल्या ताम्पेरे शहराच्या कडेला, हेर्वान्तातल्या तांत्रिक विद्यापीठात ओस्मोने शहराची सगळी माहिती संगणकाच्या पानांत गुंफली होती. पानावर काही शब्द निळे. त्यांवर टिचकी मारली की दुसरं पान, तिथून तिसरं. पोहण्याच्या तलावाची वेळ, मासेमारीचा परवाना, बर्फ उपसणाऱ्यांचा फोन, सगळं त्यात कुठे ना कुठे होतं. प्रश्न त्या 'कुठे ना कुठे'चाच होता. माणूस सरळ तिथे पोचतो की वाटेत भटकतो हे मोजायला ओस्मोने एक आकडा काढला होता. त्याला तो 'भटकांक' म्हणे. सरळ पोचला तर शून्य. जितका भटकेल तितका आकडा एकाकडे सरकणार. हा आकडा मांडून प्रबंध पुरा करायचा होता. वसंतात त्याची नेमणूक संपत होती, आणि पन्नाशीला टेकलेल्या, प्रबंध अर्धवट असलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार?

"विद्यार्थ्यांवर मोजून काय उपयोग?" प्राध्यापक सालोवारा म्हणाले. "ती पोरं यंत्रातच वाढलीत. खरी माणसं आण. आकडे बरे आले तर नेमणुकीचं बघतो. तुला शेजारी नाहीत का?"

शेजारी होते.

ओस्मोच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक मंडळाची खोली होती. एका बाजूला सौना, म्हणजे वाफेत अंग शेकायची सामायिक खोली, दुसऱ्या बाजूला कपडे धुण्याची खोली, आणि समोरच्या बोळात, सायकलींच्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीला टेकून उभी असलेली ती गादी. निळ्या पट्ट्यांची, स्प्रिंगा कुरकुरणारी, शरद ऋतूपासून तिथे ठाण मांडून बसलेली. कुणाची, हे कुणी सांगत नव्हतं. सोसायटीचे अध्यक्ष ताइस्तो पेराला यांनी तिच्यावर एक सूचना चिकटवली होती. मग दुसरी, जरा कडक. तिसरीत तर 'नागरिकत्वाची जाणीव' असा शब्द होता. गादीने एकही मनावर घेतली नव्हती.

खोलीसाठी अर्ज करावा लागला. ओस्मोने 'उद्देश' या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं : माणसं किती भरकटतात हे मोजणे.

पेराला टायशिवाय कागदाला हात लावत नसत. ते अर्जावर बोट ठेवून बसले. "श्रीयुत हिर्वेला, आपण भरकटलेली माणसं इथे बोलावणार?"

"भरकटलेली नाहीत. आपलीच माणसं."

"आपली माणसं भरकटतात असं आपलं म्हणणं आहे?"

ओस्मोने आकडा समजावला. पेरालांनी तो ऐकून घेतला, आणि विजेचं बिल कुणाच्या मीटरवर पडणार असं विचारलं. विषय कार्यकारिणीपुढे गेला. कार्यकारिणीने यंत्राला परवानगी दिली, कॉफीला दिली, पण दोन्ही एकाच टेबलावर ठेवायला मनाई केली. या ठरावाची प्रत ओस्मोला टपालाने आली. पेराला वरच्याच मजल्यावर राहत होते, तरी टपालाने.

मग विद्यापीठातून संगणकाचं यंत्र आणायचं. गाडी नेमकी थंडीने गारठून बसलेली. निवृत्त बसचालक रेइनो कुउसेला जिन्यात भेटला आणि म्हणाला, "गाडी कशाला? घसरगाडी घे. एवढा छान बर्फ पडलाय."

मुलांच्या लाल घसरगाडीवर यंत्र बांधलं. रेइनो पुढे दोरी धरून, ओस्मो मागून आधार देत. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाने वळण घ्यावं तसं रेइनोने वळण घेतलं. बस वळली असती, घसरगाडी उलटली. यंत्राचा पडदा नाकावर आपटून बर्फात.

"ओला झाला," ओस्मो कसाबसा म्हणाला.

"मग वाळवू की," रेइनो म्हणाला, जणू मोजे ओले झाले होते.

आणि ताम्पेरेत ओली वस्तू वाळवायची म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात जे पहिलं येतं तेच दोघांच्या डोक्यात आलं. यंत्र सौनाच्या बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत, उबदार भिंतीशी, टॉवेलांच्या शेजारी जाऊन बसलं. विद्यापीठात कुणाला कळलं असतं तर नेमणूक वसंताचीही वाट न बघता संपली असती. पण यंत्र चाललं. एवढंच झालं, की सौनात अंगावर मारायच्या बर्च झाडाच्या डहाळ्यांच्या जुडीतलं एक पान त्याच्या जाळीत अडकलं ते कायमचं. यंत्र तापलं की मंडळाच्या खोलीत उन्हाळ्यातल्या तळ्याकाठचा वास दरवळायचा. बाहेर उणे वीस, आणि आत जून महिना.

पहिल्या शनिवारी मंडळी आली. इर्मेलीने वेलदोडा घातलेला गोड पाव केला होता, म्हणूनही आली असतील. ओस्मोने नियम सांगितला : जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. माणूस कुठे अडखळतो ते त्यावरून कळतं. शेजारी ध्वनिमुद्रक ठेवला होता.

"प्रश्न सोपा आहे," तो म्हणाला. "समजा, तुमच्याकडे एक जुनी गादी आहे. ती कुठे नेऊन टाकायची?"

कुणीतरी बोळाकडे पाहिलं आणि चटकन नजर फिरवली.

रेइनो बसला. माउस हातात मावेना म्हणून त्याने तो दोन बोटांत धरला. 'घर' या शब्दावर टिचकी मारली. तिथे घरबांधणीचे नियम होते. मागे आला. 'सामान' शोधलं, नव्हतं. 'आरोग्य' बघितलं, कारण गादीने पाठ दुखते. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं होतं. बऱ्याच वेळाने रेइनो म्हणाला, "हं."

नंतर ओस्मोने ती फीत पुनःपुन्हा ऐकली. खुर्चीची करकर, नळातल्या गरम पाण्याचा खळखळाट, आणि एक 'हं'. तो 'हं' निराशेचा होता की आशेचा, यावर त्याने पानभर टिपण लिहिलं.

लेम्पी आहोकास बसल्या. कापडगिरणीत आयुष्य घालवलेली, युद्धात रशियाकडे गेलेल्या करेलियातून लहानपणी विस्थापित होऊन आलेली ही म्हातारी इतर वेळी सतत काहीबाही गुणगुणत असायची. यंत्रापुढे तिने ओठ असे मिटले की शिवलेच. सगळ्यात जास्त वेळ बसले ते अध्यक्ष. त्यांचे कान लाल झाले, टाय सैल झाला, पण उठायला तयार नव्हते. "नियमानुसार कुठेतरी असायलाच हवं," एवढंच एकदा म्हणाले. सगळ्यांचा भटकांक एकाला जाऊन भिडला. खरी वाट 'पर्यावरण'मधून जात होती, तिथून 'तांत्रिक सेवा', तिथून 'घनकचरा', आणि खाली 'विभागीय सूचना'. ओस्मोला ती सरळच वाटत होती. त्यानेच केली होती.

जाताना प्रत्येकाने पावाबद्दल आभार मानले. यंत्राबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. बोळातून जिन्याकडे जाताना प्रत्येक जण गादीपाशी थोडा आकसून गेला.

पुढचे दिवस ओस्मो घरात सावलीसारखा वावरला. बटाट्यांच्या ताटावर मान घालून तो पुटपुटायचा, "पर्यावरण, मग तांत्रिक सेवा... यात न सापडण्यासारखं आहे काय?" शेवटी त्याने मोठा निर्णय घेतला आणि अक्षरं मोठी केली. निळा रंगही जरा गडद केला.

दुसऱ्या शनिवारी चमत्कार झाला. रेइनो बसला आणि धाड धाड चार टिचक्यांत गादीच्या पानावर. लेम्पीबाईही तशाच. मागून आलेला प्रत्येक जण तसाच. सगळ्यांचा भटकांक शून्य! बोललं मात्र याही वेळी कुणी नाही. फक्त फितीवर सगळ्यांच्या ओठांतून एक बारीक गुणगुण ऐकू येत होती. ती आनंदाची असावी असं ओस्मोने टिपून ठेवलं.

"अक्षरं," तो इर्मेलीला म्हणाला. "नुसती अक्षरं मोठी केली गं!"

इर्मेली कॉफीच्या किटलीकडे बघत राहिली. "होय का," ती म्हणाली.

आकडे बघून प्राध्यापक सालोवारा खुर्चीतून उठलेच. असं शून्य त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. शहराच्या कार्यालयातल्या एका बाईंना घेऊन ते स्वतः प्रयोग बघायला आले, आणि बोळाच्या अंधारात गादीला अडखळून भिंतीवर आपटले. "हे काय आहे?"

"चौकशी चालू आहे," पेराला ताठ मानेने म्हणाले.

मंडळाच्या खोलीत सोसायटी सणासुदीचे कपडे घालून बसली होती. रेइनोने केस पाणी लावून चोपले होते. सालोवारांनी खूष होऊन हात चोळले. "गादीचं पुरे झालं. मासेमारीचा परवाना कुठे मिळतो, ते शोधा बरं."

रेइनोने ओस्मोकडे पाहिलं. मग छाती पुढे काढली, चार टिचक्या मारल्या आणि अभिमानाने मागे टेकला. पडद्यावर गादीचं पान होतं.

"जरा गोंधळ झाला असेल," सालोवारा म्हणाले. "बाई, तुम्ही बघता? पोहण्याच्या तलावात बायकांची वेळ कोणती?"

लेम्पीबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यांचा आवाज, गिरणीच्या खडखडाटावरून ऐकू जायची सवय असलेला, सगळ्या खोलीत उमटला :

हिरव्या दारानं | आत शिरावं बाई
तंत्राच्या वाटेनं | जावं घाई घाई
कचऱ्याच्या ढिगाशी | थांबायचं नाही
खाली उतरावं | गादी तिथं राही

आणि टिचक्या मारून त्या गादीच्या पानावर आल्या. शहराच्या बाईंनी सालोवारांकडे पाहिलं. "या भागात गाद्या फारच टाकतात वाटतं," त्या म्हणाल्या.

ओस्मोला तेव्हा त्या बारीक गुणगुणीचा अर्थ लागला. माणसाला जमिनीने पोटात घ्यावं असे क्षण असतात, पण हेर्वान्तात त्या दिवसांत जमीन गोठलेली असते.

"त्यांना वाट सांगितली कुणी?" सगळे गेल्यावर त्याने विचारलं.

"मी," इर्मेली म्हणाली. "बायकांच्या सौनाच्या वेळी. तुझी नेमणूक जाते म्हणून मी रडले तिथे. लेम्पीबाईंनी विचारलं, काय शोधायचंय त्याला, सांग तरी. तू बटाट्यांपुढे रोज तेच तर बडबडत होतास. मी सांगितलं, त्यांनी तिथेच वाफेत बसून ओवी रचली, आणि आम्ही सगळ्यांनी पाठ केली. रेइनोला त्याच्या बायकोने शिकवली." मग ती हळूच म्हणाली, "तुझी फजिती कुणाला बघवली नाही रे."

यावर रागवायचं कसं, हे ओस्मोला कुठल्याच पानावर सापडेना. सालोवारांनी जाताना एवढंच सांगितलं होतं : पुन्हा मोज, आणि या वेळी परकी माणसं घे.

त्या आठवड्यात पुरुषांच्या सौनाला जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण न जाणं म्हणजेही राग जाहीर करण्यासारखंच असतं. तो गेला, वरच्या फळीवर कोपऱ्यात बसला. रेइनोने तापल्या दगडांवर पळीभर पाणी सोडलं. वाफ सळसळत वर आली, कानांच्या पाळ्यांना चटका देऊन गेली. खालच्या फळीवर पेराला होते, टायशिवाय, आणि बाकी कशाशिवायही. सौनात 'आपण' आणि 'श्रीयुत' बाहेर खुंटीवर कपड्यांबरोबर राहतात. तेवढी एकच जागा होती जिथे अध्यक्ष कुणाला 'अरे' म्हणत.

तापले दगड चुरचुरत राहिले.

"अरे ओस्मो," रेइनो म्हणाला, "रागावलास?"

"नाही."

"रागाव. हक्क आहे तुझा. पण एक सांगू? ते 'पर्यावरण' म्हणजे मला वाटलं मासे, रानडुकरं, असलं काहीतरी. गादी पर्यावरणात कशाला जाईल?"

"मग कशात जाईल?"

"टाकून द्यायचं सामान. आमच्यात असंच म्हणतात."

ओस्मो सरळ होऊन बसला आणि छताच्या उष्णतेने पुन्हा वाकला. "त्या दिवशी यंत्रापुढे का नाही बोललास?"

"तू समोर बसला होतास ना. एवढ्या मेहनतीने केलेलं. तोंडावर कसं सांगणार, की बाबा, तुझं घर सुंदर आहे पण दार कुठे आहे?" रेइनोने आणखी पाणी टाकलं. "आणि दुसऱ्या वेळी पोचलो तरी काय? आम्ही सगळे गादीच्या पानावर पोचलो, पण बोळातली गादी हलली का? त्या पानावर लिहिलंय काय ते तरी आठवतंय तुला?"

ओस्मोला आठवत होतं. 'गृहोद्भव आकारबाह्य घटकांची स्वीकृती विभागीय अधिसूचनेन्वये.' शहराच्या कार्यालयातून आलं तसंच त्याने चढवलं होतं. पोचणं त्याने बारकाईने मोजलं होतं. सापडणं त्यात नव्हतंच.

"मी नुसतं विचारतो," वाफेतून पेरालांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खाली. "समज, एखाद्याला ती खरंच टाकायची असेल. बोळात एक दिवसापुरती ठेवली, आणि तेवढ्यात बैठकीत तक्रार आली. मग त्याला बोलायची सोय राहिली नाही. तर अशा माणसाला, अरे, नाव न सांगता कुठे जाता येईल, ते त्या पानावर असायला नको?"

रेइनो दगडांकडे बघू लागला. ओस्मो स्वतःच्या गुडघ्यांकडे. इर्मेली ऑक्टोबरात म्हणाली होती, पेरालाबाईंनी नवा पलंग घेतला, म्हणून. दोघांपैकी कुणीही काही म्हणालं नाही. फिनलंडात माणसाला माणूस एवढा आडोसा तर देतोच.

"असायला हवं," ओस्मो शेवटी म्हणाला. "लिहितो."

पुढे कितीतरी संध्याकाळी तळमजल्यावर उजेड दिसायचा. यंत्राला कुणी हात लावत नसे. कशाला काय म्हणता, एवढंच ओस्मो विचारी, आणि तेही सौनाबाहेरच्या बाकावर, टॉवेल गुंडाळून, मोहरीत बुडवलेले सॉसेज खाता खाता. बायकांच्या वेळेला इर्मेली विचारी. पेरालांनी सौनाची वाढीव वेळ अर्जाशिवाय मंजूर केली. सोसायटीच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. 'पर्यावरण' गेलं. 'टाकून द्यायचं सामान' आलं, त्याखाली 'मोठं सामान'. पानावर साध्या शब्दांत लिहिलं : शहराबाहेरच्या केंद्रावर शनिवारी सकाळी आणा. नाव विचारत नाहीत.

यंत्र खोलीतच राहिलं. खोलीची किल्ली अध्यक्षांकडे असायची.

मग रस्त्यापलीकडच्या सोसायटीतली माणसं बोलावली. त्यांच्याशी यांचं गाड्या लावण्यावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्यामुळे कुणी उत्तर फोडण्याची भीती नव्हती. ती आली, फुरंगटून बसली, थोडी भटकली, पण बहुतेक जण पोचली. दाराबाहेर लेम्पीबाई तोंडावर हात दाबून बसल्या होत्या, चुकून ओवी निघू नये म्हणून.

सालोवारांनी आकडे पाहिले आणि निःश्वास सोडला. "बरे आहेत. पण मागच्या वेळी तर याहून बरे होते. मी विश्वास कशावर ठेवू, हिर्वेला?"

याचं उत्तर ओस्मोला पुढच्या शनिवारी मिळालं. सकाळी तो सायकल बघायला खाली उतरला, सवयीने अंग आकसून घेतलं, आणि थबकला. आकसायची गरज नव्हती. सायकलींच्या दाराशी भिंतीवर एक फिकट चौकोन होता, खाली पिसासारख्या धुळीची रेघ. बाकी काही नाही.

त्याने प्राध्यापकांना फोन केला. सालोवारा रविवार असूनही दुसऱ्या दिवशी आले, बोळात उभे राहिले आणि आपण आपटलो होतो त्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले.

"कुणी नेली?"

"ठाऊक नाही," ओस्मो म्हणाला.

"पत्ता कुठून मिळाला त्याला?"

ओस्मोने मंडळाच्या खोलीकडे नुसती मान वळवली. बंद दाराआडून बर्चचा वास येत होता. यंत्र कुणीतरी बंद करायला विसरलं होतं. पलीकडे धुण्याच्या खोलीत लेम्पीबाई चादरी वाळत घालत होत्या, आणि दाराच्या फटीतून त्यांचा आवाज झिरपत होता :

गादी गेली बाई | मोकळी झाली भिंत
ज्यानं नेली त्याच्या | मनी नसो खंत

"सोमवारी ये," सालोवारा म्हणाले. "नेमणुकीचं बघू. आणि ही भिंत प्रबंधात घाल."

त्यांना गाडीपर्यंत सोडून ओस्मो अंगणातून परतत होता. वळचणीतून थेंब थेंब पाणी पडत होतं. पेराला आपल्या गाडीच्या टपावर कालपासून राहिलेली दोरी सोडवत होते. गाठीत निळ्या पट्टीचा एक धागा अडकला होता. ओस्मोने तो पाहिला. ओस्मोने पाहिलं हे पेरालांनी पाहिलं. दोघांनी एकदमच मान वर करून छपराकडे बघितलं.

"वितळायला लागलं," पेराला म्हणाले.

"हो."

थेंब पडत राहिले. पेरालांनी टाय नीट केला, दोरीची गुंडाळी केली, ती पुन्हा उलगडून आणखी नेटकी गुंडाळी केली.

"तुझं ते यंत्र," ते म्हणाले, "वाईट नाही, अरे."

आणि पाठ फिरवून भराभर जिन्याकडे निघून गेले.

ओस्मो घरात शिरला तेव्हा इर्मेली कॉफी ओतत होती. उघड्या हातांना मुंग्या आल्या होत्या. हातमोजे अर्थातच सापडले नव्हते.

"इर्मेली," तो म्हणाला, "पेरालांनी मला 'अरे' म्हटलं."

"सौनात?"

"अंगणात. कपडे घालून. टायसुद्धा होता."

किटली तशीच हातात अधांतरी राहिली.